तुकडा फरशी

मिनिटाला बासष्ट.
श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात,
अर्धं मोजून दुप्पट केलेलं चालत नाही.
मी घड्याळाकडे बघते, अंबी माझ्याकडे.
तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते
आणि दर वेळी, कशीबशी, परत येते.

फाइल तिच्या मांडीपेक्षा जाड.
मानखुर्दच्या दवाखान्यात: बालदमा, पंप.
मग नऊ महिने टीबीच्या गोळ्या, चुरून, मधातून.
पोटातल्या पाण्यात जंतू सापडले नव्हते, तरी.
दोष कुणाला देऊ?
या शहरात पोर खोकलं की आपण आधी तेच नाव घेतो
आणि बहुतेकदा बरोबर असतो.
मीही घेतलं असतं,
तिची बोटं हातात घेतली नसती तर.
टोकं फुगलेली, नखं घड्याळाच्या काचेसारखी.
तीन वर्षांची मुलगी.

सीटीत फुप्फुस उमटलं
आणि माझ्या तोंडून पुस्तकातलंच निसटलं:
हे असं दिसतं, वेड्यावाकड्या फरशीसारखं.
मल्लिनाथ पुढे झाला. अक्कलकोटचा गवंडी,
चेंबूरच्या तीन टॉवरांत त्याच्या हातच्या लाद्या.
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"तुकडा शहाबादी," म्हणाला.
"गच्चीवर बसवतो तशी. पण माल सांध्यातनं वर आलाय, मॅडम,
सगळीकडे पसरलाय. कुणी धुतलाच नाही."

कुठल्याच विद्यार्थ्याला मला इतकं नेमकं शिकवता आलेलं नाही.

मग वर्षभर गिळलेलं त्यानं विचारलंच:
"कटरची धूळ, माझ्या कपड्यांवरनं..."
नाही, म्हटलं.
त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.
कस्तुरा पदरानं मुलीचं नाक पुसत राहिली.

जनुकांचा अहवाल यायला दीड महिना लागला.
एक चूक बापाकडून, तीच आईकडून,
दोघांत निजलेली; एकटी असती तर
जन्मभर जागी झाली नसती.
हे सांगण्यासाठी मी खुर्ची जवळ ओढली.
धुळीचा दोष त्याच्याकडून काढून घेतला होता,
आता रिकाम्या हातात काय ठेवणार होते?
"म्हणजे हे कुणी केलं नाही," कस्तुरा म्हणाली.
प्रश्न होता की नाही, कळलं नाही.
मी मान हलवली.

उपचार म्हणजे धुणं.
अक्षरशः. एका फुप्फुसाला हवा द्यायची,
दुसरं भरायचं, अंगाइतक्या कोमट मिठाच्या पाण्यानं.
एवढ्याशा छातीसाठी दुहेरी नळी कुणी बनवत नाही,
म्हणून फिरदौसनं दोन बारीक नळ्या
चिकटपट्टीनं जोडल्या, शिव्या देत.
पहिली बाटली बाहेर आली: दूध.
चौथी: ताक.
नववी: तांदळाचं धुवण.
चौदावीतून पलीकडचं घड्याळ वाचता आलं
तेव्हा थांबलो.
दुसरी बाजू पुढच्या बुधवारी.

रात्री वॉर्डाबाहेर मल्लिनाथ उकिडवा,
बोटाच्या पेरानं लादी ठोकत, कान खाली.
हेच मी दिवसभर करते,
पोरांच्या पाठींवर.
"ही पोकळ वाजते. उद्या थापी आणू?"
परवानगी माझ्या हातात नव्हती. हो म्हटलं.
"आणि तिचं? एकदा धुतलं की झालं?"
नाही. पुन्हा साचेल. तीन महिने, फार तर सहा.
तो पुढच्या लादीकडे सरकला.
ती भरीव वाजली. त्याच्या पुढची
वाजवून त्यानं माझ्याकडे पाहिलं,
ओळखा, म्हणाल्यासारखं.

आत अंबीनं नळीसकट कूस बदलली.
मी घड्याळ काढलं.
मिनिटाला चव्वेचाळीस.
पुन्हा मोजले, पूर्ण मिनिट.
सेहेचाळीस.
दोन्ही आकडे लिहून ठेवले.